सत्तावीस बायका आणि एकच दात

प्रिय मोहेंग,

समुद्राच्या ज्या तुकड्यावर तू सध्या असशील तिथे तुझी तब्येत ठणठणीत असो, पोट साफ असो आणि तुमचा तो चीफ इंजिनियर जरा कमी ओरडत असो. इकडे आम्ही सगळे सुखरूप. ओडेसाला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, डर्बनने आरसा फोडला, जेनोआ आणि बुसान एकमेकांना चावले (दोघांची चूक, दोघांना धपाटा) आणि धाकटा पारायसो आता चालतो, म्हणजे पडतो आणि कोणी बघत असेल तर रडतो. पाच बंदरांची नावं दिलेली पाच मुलं मी जेवायला हाकारते तेव्हा शेजारी विचारतात, आज कुठली बोट लागली. तुझ्या आईचे, म्हणजे आपल्या नानायचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून तरुण आहे.

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. गावात सिग्नल येतो तो फक्त कपितान दुलोच्या पत्र्यावर (तुमच्या बोटीवरचा कॅप्टन नव्हे, आपल्या गावचा कारभारी), आणि त्या पत्र्याखाली सगळं गाव कान लावून उभं असतं. गेल्या महिन्यात तुझा आवाज तिथेच ऐकला. "सेंदांग, आमची बोट योकोहामाला लागतेय. सहाव्यासाठी काय झकास नाव आहे बघ!" खाली पंधरा-वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. नानायने छातीवर क्रूसाची खूण केली. मी हसले. मोहेंग, ते हसणं खोटं होतं. पारायसो झाला तेव्हा तू चिलीच्या किनाऱ्याला होतास आणि आम्ही तुला "थोडा उशीर झाला, बाकी ठीक" एवढंच कळवलं. ठीक नव्हतं. शहराकडे जाताना होडीतच तो जन्मला आणि माझं रक्त थांबेना. मी डोळे मिटू नयेत म्हणून सरकारी दवाखान्याच्या ग्लिसेरियाबाई मला मुलांची नावं क्रमाने म्हणायला लावत होत्या आणि मी दर वेळी बुसानपाशी अडकत होते. असो. तर दातांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

याच ग्लिसेरियाबाई गेल्या शनिवारी तीस कांड्यांचा डबा घेऊन बेटावर आल्या. आगकाडीएवढी कांडी, दंडाच्या आत कातडीखाली बसवायची, की तीन वर्षं पाळणा लांबला. फुकट. नको झाली की काढायची, तीही फुकट. गावची आरोग्यसेविका या नात्याने (निळा सदरा, पगार जवळजवळ नाही, मान भरपूर) तीस बायका जमवायचं काम माझं. मी महिनाभर परसदारी, नळावर, कोंबड्यांच्या खुराड्यामागे कुजबुजत हिंडले आणि तीसच्या तीस नावं लिहून घेतली. त्यातल्या निम्म्यांनी घरी बोलून ठरवलं होतं, आणि उरलेल्यांनी घरी बोललं की काय होतं ते आधीच पाहिलं होतं. जाहिरातीचं काम तेवढं कपितानने अंगावर घेतलं आणि तिथेच घोटाळा झाला.

कपितानचा गेल्या वर्षीचा एक फ्लेक्स आहे. त्यात त्याचे केस दाट दिसतात, म्हणून तो नवा छापून घेत नाही. त्याने त्याच फ्लेक्सवर नवी तारीख चिकटवली आणि सभागृहावर लावून टाकला. पाऊण फ्लेक्सभर त्याचा चेहरा, त्याखाली मोठ्या अक्षरात "फुकट! फुकट!" आणि त्याखाली, शर्टाच्या गुंडीएवढ्या अक्षरात, "दात काढून मिळतील". कारण गेल्या वर्षी दातांचे डॉक्टर आले होते! मी त्याला म्हटलं, "कपितान, अहो, ह्या दंडाच्या कांड्या आहेत." तर म्हणतो, "सेंदांग, लोक 'फुकट'पर्यंतच वाचतात गं. खालचं कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. सकाळी सातला सभागृहापुढे बेटावरचे यच्चयावत म्हातारे गाल धरून उभे. रांगेत पहिला तातांग आम्बो. त्याला उरलाय एकच दात, आणि तो गेल्या वर्षी डॉक्टरांची बोट सुटल्यामुळे राहून गेलेला. माझ्या तीस बायकांपैकी मात्र एक नाही! कारण समोरच्या फणसाखाली त्यांचे नवरे पत्ते कुटत बसलेले, कोण आत जातं यावर डोळा ठेवून; घरी हो म्हटलेलेही चारचौघांत तसं कबूल करणार नव्हते. आणि दाराला लागून खुर्ची टाकून, मांडीवर जपमाळ, डावी-उजवीकडे जपमंडळाच्या बायका, अशी कोण बसलेली? आपली नानाय. ग्लिसेरियाबाईंनी घड्याळ बघितलं. "दोनच्या भरतीला माझी बोट सुटते. डबा भरलेला परत नेऊ की काय?"

मी त्या डब्याकडे बघत उभी होते. आणि त्याच घटकेला तातांग आम्बो गाल धरून विव्हळला. मोहेंग, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मागच्या दाराने पळत सुटले.

अर्ध्या तासात गावच्या बायकांना दाढदुखीची साथ आली. एकेक जण जबड्याला फडकं बांधून, गाल धरून, बाह्यांचा झगा घालून हजर (असल्या उन्हात लांब बाह्या! पण दाढेच्या कळा येणाऱ्या बाईला कपड्यांबद्दल कोण विचारणार?). फणसाखालचे पत्ते थांबले. डेल्फिन तर बायकोला पाठुंगळी घेऊन आला, तोच रडत होता, तिला त्याच्या पाठीवर हसू आवरत नव्हतं, तो म्हणत होता, "बघा हो, कशी हुंदके देतेय!" आत जायचं, भुलीची सुई, कांडी, पट्टी, बाही खाली, गालात कापसाचा बोळा, बाहेर. ग्लिसेरियाबाईंचा हात शिंपिणीसारखा चालतो.

अडचण आली ती पुराव्याची. एक नवरा दारात आडवा आला, "दात दाखवा." आता दात कुठून आणायचा? इकडे तातांग आम्बो संतापलेला. "मी पहिला! बायकांना का आधी? ह्या वयात मला रांग शिकवता?" असं तो इतक्या जोराने ओरडला की त्याचा तो एकुलता एक दात आपसूक निसटला आणि माझ्या पायाशी पडला. देवाची करणी, दुसरं काय. मी तो धुतला, स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि त्या दिवशी तोच दात प्रत्येक संशयी नवऱ्याला त्याच्या त्याच्या बायकोचा म्हणून दाखवला. डेल्फिन म्हणाला, "इतका पिवळा? माझी बायको तर विडी ओढत नाही." मी म्हटलं, "तोंडातलं कोणाला माहीत, डेल्फिन." तो तिला परत पाठुंगळी घेऊन गेला. दोनच्या आत सत्तावीस कांड्या बसल्या, डब्यात तीनच उरल्या. तातांग आम्बो सर्वांत खूश. त्याचं काम सुईशिवाय झालं, ताटलीतला दात मी त्याला सन्मानाने परत केला, आणि कपितानचा फ्लेक्स खोटा ठरला नाही असं तो अजून सांगत फिरतो.

पुढचे तीन दिवस बेटावर जी शांतता नांदली ती तू ऐकायला हवी होतीस. सत्तावीस बायकांना बोलता येत नव्हतं आणि चावता येत नव्हतं, म्हणून घरोघरी नवरे तांदळाची पेज शिजवत होते. चौथ्या दिवशी कोणा अभागिनीने भर रस्त्यात भाजलेलं मक्याचं कणीस खाल्लं आणि मजा संपली. गावात आता कुजबुज आहे, पण भांडण नाही. पुरुषांना पेजेची भीती बसलीय.

बाकी सर्व क्षेम. वेळेवर जेव, रात्रपाळीत कॉफी कमी घे. सगळ्या बंदरांकडून पापे.

तुझी,
सेंदांग

ता. क. : येताना नानायच्या गुडघ्यांना चोळायचं तेल आण, आणि कपितानसाठी केसांचं.

ता. क. २ : सर्वांत आधी गाल धरून आत गेले ती मीच. डावा दंड. आता दुखत नाही. योकोहामा नाव छान आहे, पण मला आहेत त्या पाचांची नावं न अडकता म्हणायची आहेत, आणखी पुष्कळ वर्षं. तुला विचारून करायला हवं होतं असं वाटत असेल तर रागव. बोटीवरच रागव, म्हणजे घरी येईपर्यंत होऊन जाईल.

ता. क. ३ : नानायला कळलं. त्याच संध्याकाळी तिने मला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं, जबडा धरला आणि दात मोजले. दोनदा. सगळे जागच्या जागी. मला घाम फुटला. तिने माझा जबडा सोडला. मग म्हणाली, "मला नऊ झाली. चार मातीत गेली. माझ्या वेळी असली दाढदुखी असती ना पोरी, तर मी पाचव्यालाच गाल धरला असता." आणि माझ्यापुढे पेजेचा वाडगा ठेवून स्वतः भांडी घासायला बसली.

ता. क. ४ : आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ग्लिसेरियाबाई जानेवारीत पुन्हा येतायत. नावं एकसष्ट झालीयत आणि तातांग आम्बोकडे दात उरलेला नाही. डिसेंबरात तू घरी असशील. बोटीवरून आलेल्या माणसाचं इथे ऐकतात. तू त्या फणसाखाली जाऊन बस, पत्ते हातात घे आणि मोठ्याने सांग, "माझ्या बायकोने कांडी बसवलीय." दाढ म्हणू नकोस. बाकी मी बघते.

ता. क. ५ : नानाय शेजारी बसून हे सगळं वाचून घेतेय आणि म्हणते, असंही लिही, की दारापाशी खुर्ची टाकून ती याही वेळी बसणार आहे. बायको आत कशाला गेली असं जो नवरा विचारील, त्याचे दात ती मोजेल. मोजून झाल्यावर ते तितकेच राहतील याची हमी ती देत नाही.