पिवळ्या घरात लाल बॅटरी

डुलुथ,
४ मार्च

ती. बाबांस,
सेल्माचा सा. न. वि. वि.

आई म्हणते की फोन वाजतो तेव्हा तुम्ही नेमके शिडीवर असता, आणि मेसेज येतो तेव्हा चष्मा गाडीत असतो. म्हणून कागदच बरा. तो शिडीखाली गपगुमान वाट बघतो.

तर बातमी अशी की चार वर्षांची उमेदवारी संपली. परवापासून मी पूर्ण सुतार. बेव्ह ओल्सन, म्हणजे आमच्या टोळीची मुकादम, कधी कुणाला बरं म्हणत नाही, पण माझा जिना तिने दोनदा चढून-उतरून पाहिला आणि म्हणाली, पाडायला नको. टोळीतले म्हणाले की ही स्तुती आहे, कुठेतरी लिहून ठेव.

आता खरं काम. आजवर मी कंपनीची यंत्रं वापरली. पूर्ण सुतार झाल्यावर ज्याने त्याने आपली आणायची, अशी इथली रीत. एक मेपर्यंत ड्रिल, स्क्रूचं यंत्र, गोल करवत, सगळं बिनवायरीचं, माझं स्वतःचं हवं. म्हणजे आधी रंग ठरवायला हवा, कारण प्रत्येक मेकचा रंग वेगळा आणि एकाची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्राला बसत नाही. आमच्या टोळीत सहापैकी पाच जण लाल आहेत. कामावर एक फळी ठोकलेली असते, तिच्यावर सगळ्यांच्या बॅटऱ्या ओळीने चार्ज होतात, आणि ज्याची संपली तो पुढची उचलतो. सहावा ऑर्व्हिल. त्याचं सगळं निळं. त्याची बॅटरी संपली की तो एकटा आपल्या गाडीपर्यंत चालत जातो आणि डबाही तिथेच खातो.

मला ऑर्व्हिल व्हायचं नाही, बाबा. पण तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवायचंही नाही. नीट विचार करून लिहा, आणि आधी कॉफी प्या.

लोभ आहेच, तो रंग बघून कमी करू नये ही विनंती.

तुमची,
सेल्मा


हॅनकॉक,
१० मार्च

चि. सेल्मास,
अ. उ. आ.

कॉफी प्यालो. दोनदा प्यालो. उपयोग झाला नाही.

तू पूर्ण सुतार झालीस हे वाचून तुझ्या आईने वेलदोड्याचा निसू पाव केला, आणि तुझ्या वाटचाही आम्हीच खाल्ला. मी शनिवारी सौनाच्या वाफेत शेजारच्या वाइनोला ही बातमी तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला की अरे, ऐकलं, आता दगडांवर पाणी टाक.

आता रंगाचं. या घरात बावीस वर्षं पिवळं आहे. तुझ्या खोलीची भिंत पिवळ्याने उभी राहिली, चर्चचं छप्पर पिवळ्याने झालं, आणि ज्या वर्षी बर्फाने अर्ध्या गावाच्या पडव्या झोपवल्या त्या वर्षीही पिवळंच धावलं. लोक यंत्र बघतात. यंत्र म्हणजे लग्नातलं जेवण. बॅटरी म्हणजे लग्न. यंत्र बिघडलं तर दुसरं आणता येतं, पण एकदा बॅटरी घेतलीस की पुढची सगळी खरेदी तिच्याच घराण्यातून करावी लागते. सोयरीक नीट बघून कर.

आमच्या वाइनोने ती बघितली नाही. दोन बॅटऱ्या घ्या आणि एक यंत्र फुकट न्या, अशी पाटी दिसली की त्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत. आज त्याच्याकडे चार रंग आहेत, चार चार्जर आहेत, आणि पानं उडवायचे तीन पंखे आहेत. हा माणूस देवदारांच्या रानात राहतो! त्याच्या अंगणात पान पडत नाही, सुया पडतात. चारही चार्जर लावले की घरचा फ्यूज उडतो, म्हणून त्याची बायको कॉफी करण्याआधी ओरडून विचारते की आता कोणता रंग चालू आहे.

तेव्हा हे लक्षात ठेव. फुकटच्या यंत्रासाठी कधी बॅटरी घेऊ नकोस. दोन लहान आणि दोन मोठ्या घे. दिवसभर डोक्याच्या वर हात करून स्क्रू मारायचे तर लहानच लाव, मनगट एकच असतं आणि ते दुकानात मिळत नाही. यंत्र हातात धरून बघ, कागदावरचे आकडे वाचून घेऊ नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिवळं घेतलंस तर तुला एकही बॅटरी घ्यायला नको. माझ्याकडे चौदा आहेत. परत आलीस की सात तुझ्या.

गुडघा ठीक आहे. आई म्हणेल की नाही, तिचं ऐकू नकोस.

तुझ्या सुबुद्धीवर विश्वास ठेवून, पिवळ्या आशीर्वादांसह,
बाबा


डुलुथ,
२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टोळीत वाचून दाखवलं. बेव्हला वाइनो इतका आवडला की कुणी चुकीची वस्तू आणली की आता ती विचारते, हा कोणता रंग चालू आहे? ऑर्व्हिलसुद्धा हसला, आणि तो ख्रिसमसलाही हसत नाही.

तुमचा शब्द मोडला नाही. दोन्ही हातात धरून पाहिली. दुकानातल्या माणसाने एका जाड फळीत स्क्रू मारू दिले, वीस पिवळ्याने, वीस लालने. खरं सांगू? मला फरक कळला नाही. तो म्हणाला की तीस वर्षं इथे उभा आहे, त्यालाही कळत नाही, पण हे माझ्या वडिलांना सांगू नये. म्हणजे पिवळ्याची मूठ थोडी बारीक, लालचा दिवा थोडा उजेडाचा, एवढंच. बाकी सगळं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

मग मी लाल घेतलं. गेल्या शनिवारी. सांगून टाकते, कारण चार ओळी इकडचं-तिकडचं लिहून मग हळूच सांगणं मला जमत नाही. ही सवय तुमचीच.

बॅटऱ्या चार घेतल्या, दोन लहान, दोन मोठ्या. फुकटच्या पंख्याला नाही म्हटलं. आमच्याकडे प्रत्येकाने आपल्या बॅटऱ्यांवर रंगाची रेघ मारायची असते, म्हणजे शुक्रवारी आपापल्या घरी नेता येतात. चांगले रंग आधीच गेलेले. उरले होते गुलाबी आणि चंदेरी. मी चंदेरी घेतला. तळ्यावरून अजून असा वारा येतो की गारठलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, म्हणून आम्ही त्या डब्याच्या पेटीत ठेवतो, सारण भरलेल्या गरम पेस्टीच्या कुशीत. माझ्या मोठ्या बॅटरीला अजून बटाटा आणि कांद्याचा वास येतो.

सोमवारी दुपारी मी छपरावर होते. खाली बघितलं तर बेव्हच्या करवतीला चंदेरी रेघेची बॅटरी. तिने मला विचारलं नव्हतं. बाबा, चार वर्षं मला इथे सगळे नीट वागवत होते, पण सगळं विचारून, पाहुण्यासारखं. सोमवारी पहिल्यांदा कुणी माझी वस्तू न विचारता उचलली. मला इतका आनंद झाला की एक खिळा वाकडा गेला.

रागावलात तर रागवा, पण लिहा. आणि लोभ फळीवर राहू दे, गाडीत नको.

तुमची,
सेल्मा


हॅनकॉक,
९ एप्रिल

चि. सेल्मा,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईचं आहे. तुझ्या बाबांना माहीत नाही. ते पोस्टाशेजारच्या घराची खिडकी बसवायला गेलेत.

तुझं पत्र त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं, जेवणात मीठ कमी आहे म्हणाले (नव्हतं), आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. मी मागून कॉफी घेऊन गेले. तिथे वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, पाच पिवळी यंत्रं आहेत. कोरी. चार वर्षांत तू एकेक परीक्षा पास झालीस की ते एकेक आणत होते, आणि पाचवं मार्चमध्ये आणलं, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. सगळी नुसती धडं, म्हणजे बॅटरी नसलेली. बॅटऱ्या त्यांच्याकडे आहेतच ना! प्रत्येकाच्या तळाला तापल्या सळईने तुझी अक्षरं कोरली आहेत, से. कां. मला हे फक्त एका यंत्राचं माहीत होतं.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या दारावर नाव रंगवून घेतलं, तेव्हा रंगाऱ्याला त्यांनी ‘रेनो कांगास, सुतारकाम’च्या खाली एक ओळ मोकळी सोडायला सांगितली. मी विचारलं, तर म्हणाले, फोन नंबर टाकू कधीतरी. आमचा नंबर तीस वर्षांत बदललेला नाही.

तू उमेदवारी संपवून परत येणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तुला एकदाही विचारलं नाही. या घराण्यातले पुरुष बर्फात रुतलेली गाडी चार तास ओढतील, पण एक प्रश्न विचारायचा म्हटलं तर दम लागतो.

मी तुला ये म्हणत नाही. येऊ नकोसही म्हणत नाही. तुला जिथे बरं वाटतं तिथे राहा, हे आईचं मत पक्कं आहे. पण न कळता त्यांचं मन दुखावू नये, दुखवायचंच असेल तर कळून दुखव, म्हणून लिहिलं. गुडघा मुळीच ठीक नाही, ऑगस्टमध्ये डॉक्टर कापणार आहेत.

मी लिहिलं हे त्यांना सांगू नकोस.

भरपूर माया, थोडी काळजी,
आई


डुलुथ,
१५ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने सांगितलं की सांगू नकोस, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. आईने मला वरच्या फळीचं लिहिलं, आणि गाडीच्या मोकळ्या ओळीचंही. तिच्यावर चिडू नका. चिडायचं तर दोघांनी आपापल्यावर चिडू या. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. मला वाटत होतं, तुम्हाला कळलं असेल.

मी परत कामाला येणार नाही, बाबा.

हे वाक्य लिहायला तीन कागद गेले. मी दुधाच्या पेटीवर उभी राहून तुमचं स्क्रूचं यंत्र पहिल्यांदा धरलं तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि या धंद्यात जे काही येतं त्यातलं अर्धं त्या पेटीवर शिकले. पण हॅनकॉकमध्ये मी साठ वर्षांची झाले तरी लोक मला रेनोची मुलगीच म्हणतील, आणि माझं काम बघायच्या आधी मागे तुम्ही कुठे उभे आहात ते बघतील. इथे माझा जिना माझ्या नावावर उभा आहे. मला हे शहर आवडतं. हे तळं, ही चिडकी मुकादम, ती फळी, सगळं आवडतं.

तुम्हाला हे लागेल, मला माहीत आहे. मलाही लागतंय. रात्रीचं जेवण न जेवता लिहिते आहे आणि हे मी कधी करत नाही, हे तुम्ही जाणता. पाचही यंत्रं विकून टाका. त्या ओळीत खरंच फोन नंबर टाका. पण मला शनिवारी सौनाला येऊ द्या. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या वेळी मी आठवडाभर येतेच आहे, ते विचारत नाही, सांगते आहे.

उत्तर द्या. वाकडं द्या, पण द्या.

तुमचीच, रंग कोणताही असो,
सेल्मा


हॅनकॉक,
२० मे

चि. सेल्मा,
अनेक आशीर्वाद.

घाईत दोन ओळी. तुझ्या बाबांनी आतापर्यंत चार पत्रं सुरू केली. चारही शेगडीत गेली. एकात मी डोकावले तर वर ‘चि. सेल्मास’ आणि खाली हवामान होतं. ते रागावलेले नाहीत ग. अडलेत. फळीत गाठ आली की करवत अडते तसे. जोर करू नकोस, मीही करत नाही.

माझ्याशी या महिन्यात जास्तच गोड वागतात, त्यामुळे मला भीती वाटते.

आई


हॅनकॉक,
१७ जून

चि. सेल्मास,
अ. उ. आ.

हवामान चांगलं आहे. ते झालं.

तुझं पत्र मी दोन महिने खिशात बाळगलं. शेवटी तुझ्या आईने पँट धुवायला घेतली आणि विचारलं की हे वाचायचं आहे की उकळायचं आहे. तेव्हा हे उत्तर.

लागलं. खोटं बोलत नाही. मी गॅरेजमध्ये बसलो आणि बराच वेळ स्वतःला सांगत होतो की तू लाल घेतलंस म्हणून मी रागावलो आहे. रंगावर रागावणं सोपं असतं. मग एक दिवस लक्षात आलं, की तू ऑर्व्हिलला बघून जे ओळखलंस ते मी बावीस वर्षांत ओळखलं नाही. माझ्या बॅटऱ्या चौदा, आणि वापरणारा मी एकटा. मीसुद्धा डबा गाडीतच खातो.

तुझी ती पाच यंत्रं विकली नाहीत. आमच्या अग्निशमन मंडळींना दिली. त्यांचं सगळं पिवळंच आहे, आणि वादळात रस्त्यावर पडलेली झाडं कापायला त्यांना हवीच होती. तळाची अक्षरं घासून टाकू का म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. परवा महामार्गावर झाड पडलं तेव्हा से. कां. ने ते कापलं. सगळ्या गावाने बघितलं.

गाडीवरची ओळ मोकळीच आहे. फोन नंबर मी टाकणार नाही. लोक फोन करतात.

परवा बापांचा दिवस होता. तुझं कार्ड मिळालं, त्यातल्या विनोदावर आई हसली. दुपारी मी हॉटनला दुकानात गेलो आणि लाल यंत्रांपुढे उभा राहिलो. दुकानदार मला बावीस वर्षं ओळखतो. त्याने आधी विचारलं की रेनो, बरं वाटत नाही का? मग सगळ्या दुकानाला हाक मारून बोलावलं. वाइनो तिथेच होता, पानांच्या चौथ्या पंख्यापाशी. त्याने फोटो काढला. तो फोटो आता चर्चमध्ये फिरतो आहे.

मी एक गोल करवत घेतली. लाल. दुकानदार म्हणाला की हे नुसतं धड आहे, याला बॅटरी घ्यावी लागेल, आज दोन घेतल्या तर पंखा फुकट. मी म्हटलं, बॅटरी नको. तो म्हणाला की रेनो, बॅटरीशिवाय हे नुसतं खोकं आहे. मी म्हटलं, माहीत आहे. मी सुतार आहे.

तळ्याकाठच्या आपल्या लाकडी खोपीच्या, कॅम्पच्या, पडवीच्या अकरा फळ्या या वर्षीच्या बर्फाने मोडल्या. तळ्यावर वीज नाही, तुला माहीतच आहे. नव्या फळ्या आणून ठेवल्या, मापं घेतली, खुणा केल्या. करवत पडवीत खुंटीला टांगली आहे. ती तू आल्याशिवाय चालणार नाही.

शनिवारी चारला सौना तापेल. चंदेरी रेघेच्या दोन्ही मोठ्या घेऊन ये.

तुझाच, अडलेला पण सुटलेला,
बाबा