सोप्या वाटेवरचे जनावर

दि. ९ नोव्हेंबर

चि. सौ. माऊस अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आम्ही उभयता ईश्वरकृपेने ठीक आहोत. बाळाला दात येऊ लागल्याचे वाचून तुझ्या आईने ते पत्र शेजारणीलाही वाचून दाखवले. तुझी जुनी खोली तिने रिकामी केली असून खिडकीला जाळी बसवून घेतली आहे. पुढील महिन्यात तू कामावर रुजू होणार आणि बाळ आमच्याकडे राहणार, याखेरीज तिला दुसरा विषय नाही.

सहलीचा वृत्तांत तू मागितला आहेस. तू सुचवलेली वाट खरोखरच सोपी निघाली. चढ नावापुरता, ठिकठिकाणी बाक, वळणावळणावर बाण. तरी तुझ्या आईने प्रवेशद्वारावरच वनरक्षकाकडे वाघापासून विंचवापर्यंत सगळ्यांची चौकशी केली. तो म्हणाला, "आजी, इथला ससासुद्धा तुम्हाला बघून पळेल." ती हसली नाही. तिने त्याच्याकडून एक काठी मागून घेतली.

जनावरांची तिची धास्ती तुलाही लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून मी ती थट्टेवारी नेली. थोडे पुढे जाताच वाटेत आडवे आलेले एक मूळ पाहून ती थबकली. साप आहे म्हणाली. उभी हयात वेदान्त शिकवण्यात घालवलेल्या माणसाला याहून सुंदर निमित्त कोणते मिळणार? दोरीवर भासणारा साप, अज्ञानाचा अंधार, ज्ञानाचा प्रकाश, असे सारे निरूपण मी तिथे उभ्या उभ्या केले. प्रकाश पडला की साप उरत नाही, असे सांगून तिचा हात धरून त्या मुळावर ठेवला. लख्ख ऊन पडले होते. तिने हात मागे घेतला नाही. फक्त हळूच म्हणाली, "अहो, हलतोय."

मी हसलो.

पुढे हवा आल्हाददायक होती. झाडांवर त्यांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या होत्या आणि काही नावे अशुद्ध होती. हे सांगण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही, हे तू ओळखले असशीलच.

शेवटच्या वळणावर एक कुटुंब डबा खात बसले होते. त्यांची लहानगी तपकिरी स्वेटर घालून झुडपाआड रांगत खडे वेचत होती. तुझी आई माझ्या पुढे चालत होती. ती थांबली तेव्हा मला वाटले, लेकराशी बोलायला थांबली असेल. तिने काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. मी कसा धावलो ते मला आठवत नाही. काठी माझ्या मनगटावर बसली. मुलीला काही झाले नाही. तिच्या आईने तिला उचलून छातीशी धरले. मी हात जोडले.

परतताना मी विचारले, ते मूल होते हे आता कळले ना? तुझी आई शांतपणे म्हणाली, "तुम्हाला जनावर दिसलं नाही म्हणून ते नव्हतं, असं नाही."

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आणले. हा आजार हळूहळू वाढतच जाईल, असे ते म्हणाले. आता घरातही खुंटीवरच्या माझ्या कोटाला ती हुसकावते. एरवी इतकी स्वच्छ बोलते, चहात साखर जास्त घेतली म्हणून मला इतकी अचूक टोचते, की माझाच विश्वास डळमळतो. तुझाही डळमळेल, म्हणून स्पष्ट लिहितो: बाळाला इथे ठेवू नकोस.

तिला कारण लागेल. माझे नाव सांग. बाबांना या वयात लहान मुलाचे रडणे सोसवत नाही, त्यांनी साफ नकार दिला, असे लिहून पाठव. ते पत्र मीच तिला वाचून दाखवीन. ती चिडेल, कदाचित माझ्याशी बोलणे सोडील. सोडू दे. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटू लागण्यापेक्षा माझा राग आलेला बरा. सत्याचा आग्रह धरण्यात माझे आयुष्य गेले. हे असत्य मात्र मी तुझ्याकडे पदर पसरून मागतो आहे.

तू ये. एकटी ये.

बाळ नको म्हणणारे,
तुझे बाबा