दोन लाइनींचा सर्व्हर आणि हिवरखेडच्या बारा जणी

अमरावती, २९ जानेवारी

आदरणीय मोतीराम मामा,

सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे? मामीलाही जय भीम सांगा. तुम्ही जन्मभर मास्तरकी केलेली, म्हणून पत्र शुद्ध मराठीत लिहितोय. तरी लाल पेन जवळ असू द्या.

मी इथे ज्या संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो, ती बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायांच्या सराव परीक्षा घेते. आमच्या लिनक्स सर्व्हरला इंटरनेटची एकच लाइन होती. दिवाळीनंतर गावोगावच्या वाचनालयांसाठी दुसरी जोडली. दोन लाइनी म्हणजे दुप्पट सोय, असं मी साहेबांना छातीठोक सांगितलं. (आता ऑफिसात कुणाच्या हातून चहा सांडला तरी हेच वाक्य मला ऐकवतात.)

सराव परीक्षेच्या पहिल्या दिवशी अमरावतीच्या बाया धडाधड पेपर सोडवू लागल्या, आणि तुमच्या हिवरखेडच्या वाचनालयातून मैनाबाईंचा फोन आला, "काहून जी संघपालभाऊ, आमी बारा जणी कवाच्या बटन दाबून राहिलो, अन् तुमचा सर्व्हर मुका बसला काय?" तपासलं, तर त्यांची मागणी नव्या लाइनीने नीट पोचत होती. सर्व्हर उत्तरही देत होता. पण बाहेर जायचा रस्ता त्याला एकच ठाऊक, जुन्या लाइनीचा. सगळी उत्तरं तो तिकडेच ढकलायचा. तिकडच्या राउटरच्या लेखी हे बोलणं सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून तो ती फेकून द्यायचा.

त्याच दुपारी पायलच्या साखरपुड्याला अकोल्याला जाणं भाग होतं. (तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत, बरंच झालं.) तिथे मांडवात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. म्हटलं, जुना रस्ता पुसू, नवा घालू. पुसला, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी स्वतः त्याच जुन्या रस्त्याने सर्व्हरवर पोचलो होतो! स्क्रीन गोठली. हिवरखेड बंद होतंच, आता अमरावतीही बंद. बहिणीच्या साखरपुड्याच्या पंगतीतून उठलो आणि परतायला बडनेऱ्याची गाडी गाठली. (पायलच्या सासरच्यांनी विचारलं, "याले झालं काय?" आईने पोट बिघडल्याचं सांगितलं. तेव्हापासून तिकडून रोज माझ्या पोटाची चौकशी होते.)

गाडीतून मैनाबाईंना फोन केला. बोलणी खायची तयारी होती. पण बाई म्हणाल्या, "जीवाले लावून नका घेऊ भाऊ. उद्या तुरीची सोंगणी अर्ध्यावर टाकून येतो आमी." मामा, त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. 

सकाळी सर्व्हरसमोरच ठाण मांडलं. आधी पुसलेला रस्ता परत घातला. मग नव्या लाइनीसाठी रस्त्यांचं वेगळं कोष्टक केलं आणि नियम घातला, की ज्या उत्तरावर नव्या लाइनीचा पत्ता असेल, ते त्याच लाइनीने परत जाईल. दोन ओळींचं काम! दुपारी फोनवर मैनाबाई ओरडल्या, "आला, आला! पयला प्रश्न आला!" मागे सगळ्या जणींचा कल्ला. मी पेढे आणायला गेलो, तेवढ्यात इथली वीज गेली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तो दोन्ही ओळी विसरूनच, कारण सुरू होताना तो जी फाइल वाचतो, तिच्यात मी त्या लिहूनच ठेवल्या नव्हत्या. लिहिल्या. मग तीनदा मुद्दाम बंद करून पाहिला, तेव्हा कुठे पेढा तोंडात टाकला.

बारापैकी अकरा जणी पास झाल्या. मैनाबाई इंग्रजीत दोन गुणांनी राहिल्या. म्हणाल्या, "खऱ्या परीक्षेत सोडत नाही मी त्या इंग्रजीले."

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. त्या पास झालेल्या अकरा जणींत आपली मनकर्णामामी आहे. दोन महिने ती मैनाबाईंकडे पापड लाटायला जाते म्हणून तुम्हाला सांगते. पापड एकही झालेला नाही. गणितात एकाहत्तर झालेत.

ता. क. दुसरा. तिचं खऱ्या परीक्षेचं केंद्र तेल्हाऱ्याला आलं आहे. पहिल्या पेपराला तुम्ही तिला गाडीवर घेऊन जावं असं तिला फार वाटतं, पण तुम्हाला म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र तिने माझ्याकडून लिहून घेतलं. अट एकच घातली आहे: रस्त्याने काही शिकवायचं नाही.