थरथर हवी आहे

३ ऑक्टोबर
मोमचिलला जाऊन सहा महिने झाले. इथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या फोटोचं नवं स्मृतिपत्रक दारावर चिकटवलं. फोटोत टाय वाकडा आहे! इतके दिवस दिसला कसा नाही?

४ ऑक्टोबर
नवा रुग्ण, पेन्यो. गाब्रोवोला कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतो. उजवा हात थरथरतो. "डॉक्टरीणबाई, माझा राजा सिंहासनावर बसला की भूकंप होतो! पोरं हसतात. अहो, शोकांतिका आहे ती!"

मेंदूत बारीक तार बसवायची, तो जागा असताना. थरथर थांबली की समजायचं, जागा बरोबर. म्हणून टेबलावर थरथर हवीच. भूल देणारी मी; म्हटलं, पूर्ण झोपवणार नाही. तो खूश. "तिकीट काढून नाटकाला कोण झोपतं?" गाब्रोवोची माणसं! चिक्कूपणात अख्ख्या बल्गेरियात पहिला नंबर.

६ ऑक्टोबर
औषधावरून सर्जन राश्कोवशी वाद. "थोडं मिडॅझोलाम दे ना. घाबरणार नाही, नंतर काही आठवणारही नाही." नको म्हटलं. त्यानं थरथर दबते. प्रोपोफॉलनंही दबते. डेक्समेडेटोमिडिन देणार, तेही अगदी कमी — डुलकी लागते, पण हाकेला माणूस जागा होतो. हात तपासायच्या आधी तेही बंद.
"आणि घाबरला तर?"
"मी बोलत राहीन."
"तू?" राश्कोव हसतच सुटला. हसू दे. एप्रिलपासून मी कामापुरतंच बोलते, हे सगळ्यांना माहीत आहे.

९ ऑक्टोबर
फजिती! डोक्याला चौकट बसवली, राश्कोव म्हणाला, हात वर करा. हात वर — आणि दगडासारखा स्थिर!
"किती दिलंस याला?" राश्कोव माझ्यावर ओरडला.
"अजून सुरूच केलं नाही!"
पेन्यो छताकडे बघत होता. मी वाकले. तोंडाला आलुबुखाराच्या राकियाचा वास! या आजारात दारूनं हात तासभर शांत होतो. बाहेर बायको त्सोन्का रडवेली. "धीर यावा म्हणून दिली हो, टोपणभर!" "टोपण बादलीचं होतं का?" — राश्कोव. पोट रिकामं नाही, शस्त्रक्रिया रद्द. पेन्यो चौकट काढून घेताना म्हणाला, "निदान राजा आज शांत बसला असता."

१० ऑक्टोबर
त्सोन्कानं माफीदाखल एक बाटली पाठवली. राश्कोवनं जप्त केली.

१६ ऑक्टोबर
झालं! आज पहाटेपासून त्सोन्कावर नर्सचा पहारा होता.

कवटीला भोक पाडताना पेन्यो घाबरला. नाडी पळायला लागली. राश्कोव माझ्याकडे बघतोय. औषध वाढवलं असतं तर हाताची थरथरच गेली असती. म्हणून बोलले. हवा, लाल मिरच्यांचं पीक, महाग झालेलं चीज. विषय संपले. मग त्यानंच विचारलं, "नवरा काय करतो तुमचा?"

"मासे धरतो," म्हटलं. धरतो! जीभ घसरली, आणि मग थांबेचना. मोमचिल मिरच्या भाजतो नि करपवतो, घोरतो, मी चिडले की टोपी घालून बागेत जातो. पेन्यो हसत होता. नाडी उतरली. अर्धवट गुंगीत होता, त्याला काय आठवणार! मोमचिल अख्खी सकाळ जिवंत होता.

मग औषध बंद केलं. हात वर, भरपूर थरथर. तार थोडी खाली, आणखी थोडी — हात थांबला! "अरे!" पेन्यो म्हणाला. "अरे, अरे!" राश्कोवनं मास्कमागे शीळ घातली.

२१ नोव्हेंबर
पेन्यो तपासणीला आला. कप भरून कॉफी उचलून दाखवली, थेंब सांडला नाही. शनिवारी राजा पुन्हा सिंहासनावर बसणार. त्यानं दोन पास पुढे केले. "फुकट! गाब्रोवोत कोणाला सांगू नका. मला सगळं आठवतंय हं, डॉक्टरीणबाई, शब्द न् शब्द. मोमचिलना घेऊनच या. टोपी घालून आले तरी चालेल."

मी दोन्ही घेतले.