आमच्या दुकानाला मॅनेजर मिळाला, त्याची हकीकत

राजकोट,
शरद पौर्णिमेनंतरचा मंगळवार

थोरले साडूभाई त्रिकमभाई यांस धाकट्या साडूचे, म्हणजे जमनादासचे, जय श्रीकृष्ण. तुमचा गुडघा कसा आहे? जामनगरच्या वैद्यांचं तेल लावता, की नुसतं हुंगून ठेवून देता? ललिताबेनना नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मुक्ताने हरिद्वारचा नवस बोलून ठेवलाय आणि मी दर वर्षी सीझन संपू दे म्हणत आलोय. (भांड्यांच्या दुकानाचा सीझन संपत नाही. लग्नं संपली की धनतेरस, धनतेरस झाली की पुन्हा लग्नं.) यंदा तिने निक्षून सांगितलं, की दुकानाला मॅनेजर नेमा, नाहीतर मी एकटी जाईन आणि तिकडेच राहीन. बायको जाणार या भीतीने मी माणूस शोधू लागलो. परीक्षा सोपी ठेवली: मुक्ताला एक तांब्याचा लोटा विकून दाखवायचा. पहिल्या उमेदवाराने लोट्याबरोबर झाकण फुकट दिलं, मग पळी दिली, शेवटी तिच्या रिक्षाचं भाडंही दिलं. दुसरा मध्येच पाणी प्यायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

एवढ्यात निरंजनाबेन व्यास कुकरचं झाकण बदलायला आल्या. (मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका.) गल्ल्यापुढची झुंबड पाहून त्यांनी एकदाच टाळी वाजवली. त्रिकमभाई, राजकोटच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या हो. निम्म्याजणी त्यांच्याच विद्यार्थिनी निघाल्या. मुक्ताने लोट्याची किंमत विचारली, बाईंनी सांगितली, आणि मुक्ताने आपल्याच दुकानात मुकाट्याने तेवढे पैसे मोजले. मी बाईंना तिथल्या तिथे नेमलं.

आता पुढचं ऐका. एक ते चार शटर खाली, गल्ल्यामागच्या गादीवर मी आडवा आणि अख्खं गाव आडवं, ही आपली रीत. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी बाई माझ्या उशाशी उभ्या.

"शेठ, उठा. गिऱ्हाईक आलंय."

"बेन, या वेळेला इथे माशीसुद्धा उडत नाही."

"माशा नाहीत, बायका आल्यात. नवरे झोपलेत ना सगळ्यांचे. आणखी एक कढई कशाला, असं विचारायला कोणी जागं नाही."

तेव्हापासून दुपारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. माझी गादी गुंडाळून माळ्यावर गेली आणि मी घरी. बाजारातले शेठलोक माझ्याशी बोलत नाहीत, कारण त्यांच्या घरोघरी नव्या कढया आल्यात. मला गादीची फार आठवण येते. पण म्हटलं, नवस तरी फिटेल. हरिद्वारची तिकिटं काढलीत.

आपला,
जमनादास कोटक

ता. क.: तिकिटं दोन आहेत आणि मुक्ता येत नाही. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी बाईंनी तिला खास नेमलंय, आणि ती आता तिथून हलायला तयार नाही. 'तुम्हीच फेडून या, देव समजून घेतो,' म्हणते. तेव्हा माझ्याबरोबर तुम्ही चला, ही हात जोडून विनंती. गंगेचं पाणी गुडघ्याला बरं असतं.

पुन्हा ता. क.: ललिताला एकटीला टाकून कसा येऊ, असं कळवू नका. ललिताबेन येत्या गुरुवारपासून मुक्ताजवळ राहून आमच्याकडे स्टीलच्या विभागात रुजू होत आहेत. तुम्हाला माहीत नसेल. बाईंचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि तुम्ही झोपला होतात.