मंगळवारची गाय

वेस्ट मांबलम, मद्रास
सप्टेंबर १९६१

प्रिय अण्णा,

लक्ष्मी विकली. माझ्या लग्नात तू स्वतः पारखून दिलेली गाय, पण तुझ्या मेहुण्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. भाकड जनावर किती दिवस पोसायचं, म्हणाले.

तू गुरांचा डॉक्टर, मला सगळं शिकवून ठेवलं होतंस. गाय हंबरू लागली, वैरणीला तोंड लावेना, मागून काचेसारखी स्वच्छ चिकट स्रावाची तार लोंबली की लक्ष ठेवायचं. शेजारची गाय अंगावर चढली आणि ही जागची हलली नाही, तर माज पक्का. सकाळी दिसलं तर त्याच दिवशी दुपारनंतर सरकारी रेतन केंद्रावर नेऊन गाभण राहायची सुई द्यायची, उद्यावर टाकायचं नाही. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते रे! पण लक्ष्मी माजावर यायची तीन आठवड्यांनी, म्हणजे फिरून मंगळवारीच. आणि मंगळवारी दुपारी राहुकाळ. सासूबाई दारातच बसायच्या. "अय्यो, राहुकाळात कोण गाय बाहेर काढतं?" तो टळेपर्यंत केंद्र बंद व्हायचं. मग बुधवारी सकाळी हळदकुंकू लावून थाटात न्यायचे, तेव्हा ती निवांत रवंथ करत असायची. उशीर झाला म्हटलं, तर मीच अतिशहाणी.

राममूर्ती गवळ्याने तिला घेतलं आणि मंगळवारीच, भर राहुकाळात केंद्रावर नेलं. काल त्याची बायको केळी घेऊन आली होती. लक्ष्मी गाभण आहे. मला हसू आलं, रडूही आलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पाहिलंस? गोठ्याला तुझीच सावली बाधत होती."

इतके दिवस या घरात दोघी भाकड होतो, आता मी एकटी. डॉक्टरीणबाईंनी माझ्यात दोष नाही, नवऱ्याला तपासणीला पाठवा, असं सांगितलं. त्यासाठी पंचांगात अजून चांगला दिवस सापडलेला नाही. उलट मलाच विश्रांतीच्या नावाखाली त्यांच्या आत्याकडे तंजावरला धाडायचं ठरतंय, कायमचं.

आणि तू दर पत्रात लिहितोस, जरा थांब, योग्य वेळी येऊन बोलेन. गाईची वेळ तुला अचूक कळते, बहिणीची कळत नाही? बोलायला येऊ नकोस आता, न्यायला ये. येत्या मंगळवारी, दुपारी, राहुकाळ लागला की. पेटी भरून ठेवली आहे. त्या वेळी घराबाहेर पडलेलं माणूस परत येत नाही, असं सासूबाई सांगतात. मला परत यायचंच नाही.

तुझीच, अजून वाट पाहणारी,
सुंदरी