बिनबॅटरीचा फोन, बाल्कनीतलं घरटं

३ मार्च

जुना फोन फुगलाय! झाकण उचललं गेलंय. मोबाइल दुरुस्तीवाली ओरडलीच — "काका, सारखा चार्जरला लावून ठेवतात का? आधी ती बॅटरी इकडे द्या, भडकेल!" दिली. पण फोन ठणठणीत आहे, टाकणार नाही. बाल्कनीत कॅमेरा म्हणून हवाय.

कुंडीत बुलबुलाने अंडी घातलीत आणि हिला पलंगावरून दिसत नाहीत. बाथरूममध्ये पडल्यापासून ही पाय टेकायलाच तयार नाही. हाड जुळलंय. डॉक्टरांनी बजावलं — आता चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल. ही म्हणते, "पुन्हा पडले तर?" वॉकरवर टॉवेल वाळतात. मला धास्ती वाटते. निदान हिचा वेळ तरी बरा जाऊ दे.

४ मार्च

नुसत्या चार्जरवर फोन उठत नाही! बॅटरी शोधतो, सापडली नाही की रुसतो.

६ मार्च

दुरुस्तीवालीने एका जुन्या बॅटरीची इवलीशी पट्टी काढून दिली. "ही जोडा, फोनला वाटेल बॅटरी जागेवर आहे." पट्टीला दोन तारा, तारांना चार व्होल्टचा पुरवठा. बटण दाबलं — कंपनीचं चिन्ह आलं! गेलं. आलं! गेलं. आतून हिचा आवाज, "अहो, काय जळतंय?" काही नाही, माझं डोकं.

७ मार्च

तारा बारीक होत्या! सुरू होताना फोन एकदम जास्त वीज ओढतो, ती पुरत नव्हती. जाड, आखूड तारा लावल्या — चालला!! पोटात बॅटरी नाही आणि पठ्ठ्या चालतोय! बाल्कनीत एकटाच नाचलो. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

हिच्या फोनवर घरटं दिसलं. "अगंबाई, किती जवळ!" किती दिवसांनी हसली.

गोम एकच. वीज तुटली की फोन जागीच मेला. मग कुणीतरी उठून बटण दाबायचं.

११ मार्च

ही दिवसभर घरट्यात! "आली बघा! बसली! तुम्ही खोकू नका हो!" व्यायामाचं नाव काढलं तर तोंड फिरवलं. मीच हिची झोपून राहायची सोय करून दिली की काय?

१३ मार्च

एका अंड्याला तडा!! आणि नेमकी आजच हिची औषधं संपली. निघतोच. दारात पोचलो तर पलंगावरून हिचं नेहमीचं — "बटणं बंद केली का?" केली, बाई, सगळी केली!

१३ मार्च, संध्याकाळ

औषधाच्या दुकानात माझ्या फोनवर घरटं बघायला गेलो. पडदा काळा! हिला फोन लावला, उचलेना. पळत सुटणार, तेवढ्यात चित्र परत आलं. अंड्याचं नाही — हिच्या नाकाचं! मग अख्खा चेहरा. घामाघूम, हसणारा. मागे बाल्कनीचा कठडा. उभी! माझी ही उभी होती!

घरी आलो तर म्हणते, "मुद्दाम बंद केलंत ना बटण? लबाड!"

निघताना सवयीने कॅमेऱ्याच्या बटणावरूनही हात फिरला होता. सांगितलं नाही. वॉकरवरचे टॉवेल दोरीवर टाकले.